दुसऱ्याच्या गायी किती दिवस मोजायच्या? कोडिंग शिकणाऱ्या आपल्या तरुणांसाठी

धम्मपदाच्या यमकवग्गात एक गुराखी भेटतो. तो दिवसभर गायी राखतो, मोजतो, संध्याकाळी मालकाच्या गोठ्यात आणून बांधतो. गायींची संख्या त्याला तोंडपाठ असते. पण दूध, दही, तूप मात्र मालकाच्या घरी जाते. जो माणूस ग्रंथ पुष्कळ पाठ करतो पण त्याप्रमाणे वागत नाही, त्याला भगवान बुद्धांनी या गुराख्याची उपमा दिली आहे.

आज कोडिंग शिकणाऱ्या आपल्या अनेक मुलामुलींची अवस्था अशीच झाली आहे. मोबाईलवर पायथनची एक मालिका संपली, दुसरी सुरू झाली. वेब डेव्हलपमेंटचा कोर्स झाला, आता डेटा सायन्सचा चालू आहे. चार-पाच प्रमाणपत्रे जमली. पण समोर कोरी स्क्रीन ठेवून "आता तुला हवा तो एक छोटा प्रोग्रॅम लिही" म्हटले की हात थांबतो. व्हिडिओतल्या शिक्षकाने काय टाईप केले ते आठवते. आपण काय टाईप करायचे ते सुचत नाही. गायी मोजून झाल्या, दुधाचा थेंब मिळाला नाही.

यात त्या मुलांची बुद्धी कमी पडत नाही, शिकण्याची पद्धत कमी पडते. ती बदलता येते. कशी, ते या लेखात पाहू.

पाहिले म्हणजे आले, हा भास

व्हिडिओ पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते, कारण सगळे निर्णय शिक्षकाने आधीच घेतलेले असतात. कोणता प्रोग्रॅम लिहायचा, सुरुवात कुठून करायची, माहिती कोणत्या स्वरूपात ठेवायची, चूक आली तर कुठे पाहायचे, हे सारे त्याने ठरवलेले असते. आपण फक्त मान डोलावतो. प्रोग्रॅमिंगमधले अवघड काम मात्र हे निर्णय घेण्याचेच आहे. लूप कसा लिहायचा हे दोन मिनिटांत शोधता येते. इथे लूप लागणार आहे हे ओळखणे दुसऱ्याने करून दिले तर आपल्याला कधीच येत नाही.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले. काहींनी एकदा वाचून, उतारा बाजूला ठेवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटे झाले. स्वतः आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे वाचताना किंवा पाहताना जो आत्मविश्वास वाटतो, तो त्या दिवसापुरता असतो.

आपल्या परंपरेत ही गोष्ट नवी नाही. पाली वाङ्मयात प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत. ऐकून आलेली ती सुतमया पञ्ञा, विचार करून आलेली ती चिंतामया पञ्ञा आणि प्रत्यक्ष सरावातून आलेली ती भावनामया पञ्ञा. व्हिडिओ पहिल्या पायरीवर नेऊन सोडतो. ती पायरी आवश्यकच आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिथेच मुक्काम केला तर पुढचा प्रवास कोण करणार?

आपल्यासाठी हा प्रश्न अधिक गंभीर का आहे

आपल्यातले पुष्कळ तरुण घरातले पहिले पदवीधर आहेत. सॉफ्टवेअर कंपनीत काका-मामा नाही, ओळखीचा सिनियर नाही. त्यामुळे जाहिरातीत दिसणाऱ्या महागड्या क्लासवर विश्वास ठेवावा लागतो. आईवडील कर्ज काढून फी भरतात. हाती प्रमाणपत्र येते, पण मुलाखतीत विचारतात, "तुम्ही स्वतः काय बनवले आहे?" क्लासमध्ये सगळ्यांनी मिळून उतरवून घेतलेला प्रकल्प दाखवला, की पुढचा प्रश्न येतो, "हे असे का केले, तसे का नाही?" आणि तिथे गप्प बसावे लागते. ज्याच्या मागे ओळख नाही, त्याच्यासाठी स्वतः केलेले काम हीच ओळख असते. म्हणून ते काम खरे आणि आपले असले पाहिजे.

दुसरे कारण नोकरीच्या पलीकडचे आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा ते २८ वर्षांचे होते. वर्तमानपत्रे त्या काळातही भरपूर होती. पण आपल्या समाजाचे प्रश्न त्यांतून मांडले जात नव्हते. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली आणि आपले स्वतःचे पत्र उभे राहिले. दुसऱ्यांची पत्रे वाचत बसून ही उणीव भरून निघाली नसती. आज माहितीची साधने म्हणजे ॲप, संकेतस्थळे, प्रोग्रॅम. ती वापरणारे आपण पुष्कळ आहोत. बनवणारे किती आहोत, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

प्रकल्प कुठे शोधायचा? विहारातल्या कपाटात

"प्रकल्प काय करू?" या प्रश्नावर बहुतेक जण इंटरनेटवर यादी शोधतात आणि कॅल्क्युलेटर किंवा हवामानाचे ॲप बनवायला घेतात. दोन दिवसांत कंटाळा येतो, कारण ते ॲप पूर्ण झाले नाही तरी कोणाचेच काही अडत नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट लिहायला घेतले ते स्वतःची अडचण सोडवण्यासाठी. लिनक्सच्या कामात जे साधन ते वापरत होते, ते फुकट वापरण्याची सोय बंद झाली होती. आज जगभरचे प्रोग्रॅमर गिट वापरतात. चांगल्या प्रकल्पाची सुरुवात बहुधा अशीच, कोणाच्या तरी अडलेल्या कामातून होते.

आपल्या आसपास अशी कामे भरपूर आहेत. त्यातले एक उदाहरण घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. बहुतेक विहारांत पुस्तकांचे एक कपाट असते. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड, 'बुद्ध आणि त्याचा धम्म', चरित्रे, स्पर्धा परीक्षेची पुस्तके. एक वही असते. तिच्यात कोणी काय नेले ते लिहिलेले असते, किंवा नसते. सहा महिन्यांनी एखादा खंड हवा असतो आणि तो कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

पहिले काम कागदावर

लॅपटॉप उघडण्याआधी ते कपाट सांभाळणाऱ्या काकांशी किंवा ताईंशी अर्धा तास बोला. आपल्याला वाटते त्यांना पुस्तके शोधण्याची सोय हवी असेल. ते म्हणतील, "शोधायला काय लागतंय, सगळी पाठ आहेत मला. नेलेली परत येत नाहीत, तेवढं बघ." म्हणजे प्रोग्रॅमने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे : कोणती पुस्तके बाहेर आहेत आणि कोणाकडे? लॉगिन नको, रंगीत पान नको, मोबाईल ॲप नको. हे एक वाक्य कागदावर लिहा आणि भिंतीला चिकटवा. पहिला प्रकल्प बहुधा फार मोठा ठरवल्यामुळेच अर्धवट राहतो.

तीन पुस्तकांपासून सुरुवात

पायथनमध्ये तीन पुस्तकांची माहिती थेट प्रोग्रॅममध्येच लिहा. प्रत्येक पुस्तकासाठी एक डिक्शनरी : नाव, कोणी नेले, कधी नेले, परत कधी आले. तिन्ही एका लिस्टमध्ये ठेवा. मग लूप लावून, ज्यांची परत आल्याची तारीख रिकामी आहे तेवढी पुस्तके छापा. पंधरा-वीस ओळींत हे काम होते. व्हिडिओ न लावता, आठवेल तसे लिहा. अडले तर फक्त तेवढा मुद्दा शोधा आणि परत या. हे चालले त्या दिवशी तुमच्याकडे एक काम करणारी वस्तू तयार झाली. लहान आहे, पण तुमची आहे.

पुढची पायरी म्हणजे नवीन नोंद घेण्याची सोय. ती केली की लगेच लक्षात येईल की प्रोग्रॅम बंद केला की सगळ्या नोंदी नाहीशा होतात. माहिती फाईलमध्ये का साठवायची, हे आता तुम्हाला कोणी समजावून सांगावे लागणार नाही; गरजच सांगेल. सीएसव्ही फाईल घ्या. प्रत्येक ओळीत एक नोंद, मध्ये स्वल्पविराम. इथे एक सावधगिरी : फाईल 'लिहिण्यासाठी' म्हणून उघडली की पायथन आतला जुना मजकूर आधी पुसून टाकतो. म्हणून खऱ्या नोंदी भरण्याआधी फाईलची प्रत दुसरीकडे ठेवण्याची सवय लावा.

इंग्रजी कोर्समध्ये न सापडणारे प्रश्न

खरी मजा इथून सुरू होते. विंडोजच्या अनेक संगणकांवर मराठी नावे फाईलमध्ये लिहायला गेलात की प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो, कारण तिथला पायथन डीफॉल्ट म्हणून जुनी, इंग्रजीपुरती अक्षरपद्धत धरतो. फाईल उघडतानाच एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगितले की अडचण सुटते. मग तीच फाईल एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीच्या जागी अनोळखी चिन्हांची रांग दिसते. फाईलच्या सुरुवातीला ओळखचिन्ह नसल्यामुळे एक्सेल गोंधळते. 'यूटीएफ-८-एसआयजी' हे एन्कोडिंग वापरले की ते चिन्ह पडते आणि मराठी नीट दिसते.

आणखी एक गंमत पाहा. पायथनला 'बुद्ध' या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर ५ येते. आपल्याला दोन अक्षरे दिसतात. संगणकाला ब, उकार, द, हलन्त आणि ध अशी पाच चिन्हे दिसतात. नावांचा रकाना सरळ रेषेत छापायला गेलात की तो वाकडा का होतो, याचे एक कारण हेच. पुस्तकांची नावे क्रमाने लावली की 'क्षमा' हा शब्द 'ह'च्या पुढे न जाता 'क'च्या गटात येऊन बसतो, कारण संगणकासाठी 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष. 'ळ'सुद्धा 'ल'च्या शेजारी येतो, आपल्या वर्णमालेसारखा 'ह'च्या नंतर नाही. आनंदाची बाब अशी की देवनागरी अंक पायथनला कळतात. '१२' हा मजकूर संख्येत बदलायला सांगितला तर तो बिनतक्रार बारा देतो.

तारखांचेही तसेच. '१०/०१/२०२५' आणि '०९/०२/२०२५' यांची मजकूर म्हणून तुलना केली तर संगणक दहा जानेवारी नंतरची ठरवतो, कारण तो डावीकडून एकेक चिन्ह पाहतो आणि एक हा शून्यापेक्षा मोठा. तारीख म्हणून वेगळा प्रकार का असतो, हे या एका चुकीतून जे कळते ते तासाभराच्या व्हिडिओतून कळत नाही.

दोन सिद्धार्थ, एक पुस्तक

आता आपल्या वस्तीतली खास अडचण. नोंदीत 'सिद्धार्थ' लिहिले. पण वस्तीत सिद्धार्थ चार आहेत, राहुल सहा आहेत आणि प्रज्ञा तर प्रत्येक गल्लीत आहे. पुस्तक कोणाकडे मागायचे? आडनाव लिहिले तरी काम भागेलच असे नाही. मग प्रत्येक सभासदाला एक क्रमांक द्यावा लागतो, जो दुसऱ्या कोणाचा नसेल. पुस्तकांचेही तसेच, एकाच खंडाच्या दोन प्रती असतील तर प्रत्येक प्रतीला वेगळा क्रमांक. डेटाबेसच्या पुस्तकात ज्याला प्रायमरी की म्हणतात, ती गोष्ट तुम्ही आता विहारातल्या कपाटासमोर उभे राहून स्वतः शोधून काढली. सभासदांची एक यादी, पुस्तकांची दुसरी आणि देवघेवीची तिसरी अशी मांडणी डोक्यात तयार झाली की एसक्यूलाईट शिकायला घ्या. ते पायथनसोबतच येते, वेगळे काही बसवावे लागत नाही. आता एसक्यूएलचा व्हिडिओ पाहिला तर प्रत्येक मिनिट उपयोगी पडेल, कारण तुम्ही प्रश्न घेऊन त्याच्याकडे गेला आहात.

चूक आली म्हणजे काय करायचे

लाल अक्षरांतला संदेश आला की पुष्कळ जण प्रोग्रॅम बंद करून पुन्हा व्हिडिओकडे पळतात. पायथनचा संदेश खालून वर वाचा. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार असतो, तिच्या वर ती कोणत्या फाईलच्या कोणत्या ओळीत घडली ते असते. परिणामाला कारण असते आणि कारण दूर केले की परिणाम थांबतो, ही दृष्टी आपल्याला प्रतीत्यसमुत्पादाने दिलेलीच आहे. संगणकाला राग नसतो, नशीब नसते, साडेसाती नसते. मध्ये मध्ये किंमती छापून पाहा. कुठपर्यंत सगळे बरोबर आहे आणि कुठून बिघडले ते शोधा. कालाम सुत्ताची शिकवण इथेही लागू पडते. इंटरनेटवर लिहिले आहे, मोठ्या माणसाने सांगितले आहे, म्हणून कोड उतरवू नका. चालवून, तपासून मग स्वीकारा.

अर्धा तास प्रामाणिक प्रयत्न करूनही सुटले नाही तर विचारा. विचारताना तीन गोष्टी लिहा : काय व्हायला हवे होते, काय झाले, मी काय काय करून पाहिले. अर्ध्या वेळा लिहितानाच उत्तर सापडते.

एआयच्या साधनांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. त्यांना "वाचनालयाचा प्रोग्रॅम लिहून दे" म्हटले तर ती मिनिटभरात देतील. पण मग गुराखी पुन्हा दुसऱ्याच्याच गायी मोजत बसेल, फक्त गायी जास्त वेगाने जातील. आधी स्वतः लिहा, मग "यात काय चुकले, का चुकले" असे विचारा. ज्या ओळीचा अर्थ आपल्याला दुसऱ्याला सांगता येत नाही, ती ओळ आपल्या प्रोग्रॅममध्ये ठेवायची नाही, एवढा एक नियम पुरेसा आहे.

लोकांची माहिती, आपली जबाबदारी

काम गिटमध्ये नोंदवत जा आणि गिटहबवर ठेवा; मुलाखतीत दाखवायला तेच उपयोगी पडते. पण कोड ठेवा, सभासदांची यादी नाही. नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक असलेली फाईल सार्वजनिक ठिकाणी गेली की ती परत घेता येत नाही. नंतर पुसली तरी गिटच्या इतिहासात राहते. जात, धर्म, आडनाव, वस्ती यांवरून माणूस ओळखला जाऊन काय भोगावे लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून सरावासाठी काल्पनिक नावे वापरा आणि जी माहिती कामाला लागत नाही ती मुळात मागूच नका. पुस्तक द्यायला जात कशाला विचारायची? देशात २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायद्याच्या आधी हे आपले शील आहे.

लॅपटॉप नाही, वेळ नाही

या अडचणी खऱ्या आहेत, बहाणे नाहीत. ॲन्ड्रॉइड मोबाईलवर पायड्रॉइड ३ सारख्या ॲपमध्ये वाचनालयाच्या पहिल्या दोन-तीन पायऱ्या पूर्ण होतात. ओटीजी केबलने साधा कीबोर्ड जोडता येतो. गुगल कोलॅब ब्राउझरमध्ये फुकट चालते, म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्ये सुरू केलेले काम दुसऱ्या संगणकावर पुढे नेता येते. पाळीत काम करणाऱ्याने रोज तीस मिनिटे ठरवावीत. त्यातली दहा पाहण्याची, वीस लिहिण्याची. हे प्रमाण उलटे होऊ देऊ नका.

एकट्याने हे फार दिवस टिकत नाही. आपल्या परंपरेत कल्याणमित्राला मोठे स्थान आहे, ते उगाच नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर चार-पाच जणांनी तासभर थांबावे. प्रत्येकाने आठवड्यात काय लिहिले ते दाखवावे, एकाने दुसऱ्याचा कोड वाचावा, "ही ओळ का?" असे विचारावे. ज्याचे काही झाले नसेल त्याने कुठे अडले ते सांगावे. मुलींना या बैठकीत फक्त चहा-नोंदीचे काम देऊ नका. त्यांचा कोड स्क्रीनवर आला पाहिजे.

वाचनालय झाले की पुढची कामे समोर उभी आहेतच. १४ एप्रिलच्या वर्गणीचा हिशोब, जो कोणालाही कधीही पाहता येईल. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीसाठी लागणारे दाखले कोणाचे बाकी आहेत याची यादी. अभ्यासिकेतल्या जागांचे वेळापत्रक. पाली शब्दांचा रोज पाच प्रश्नांचा सराव. यातले एकच निवडा आणि पूर्ण करा.

पूर्ण म्हणजे काय, तेही सांगतो. तुमच्या लॅपटॉपवर चालले म्हणजे पूर्ण नव्हे. कपाट सांभाळणाऱ्या काकांनी तुमच्याशिवाय एक नोंद केली, दोन महिने बाहेर असलेले पुस्तक यादीत दिसले आणि ते परत आले, म्हणजे पूर्ण. कदाचित काळ्या स्क्रीनवर टाईप करणे त्यांना जमणार नाही. मग वेबपान बनवायचे, की दर रविवारी यादी छापून कपाटावर लावायची, ते त्यांना विचारून ठरवा. छापील यादीने काम भागत असेल तर तीही उत्तम.

मज्झिम निकायातल्या अलगद्दूपम सुत्तात भगवंतांनी धम्माला तराफ्याची उपमा दिली आहे. तराफा नदी ओलांडण्यासाठी असतो, डोक्यावर घेऊन फिरण्यासाठी नव्हे. व्हिडिओ, कोर्स, प्रमाणपत्रे यांचेही तसेच आहे. आजचा व्हिडिओ इथेच थांबवा. एक वही घ्या, विहारात जा आणि कपाट सांभाळणाऱ्या काकांना विचारा, "काका, तुमचं कुठे अडतंय?"

जय भीम! नमो बुद्धाय!